मुस्तफाला मिस्त्री मिळेल का?

तुमच्या घरात चाळिशी ओलांडलेला काका किंवा मामा असेल, तर त्याच्यासमोर एकच शब्द उच्चारून बघा : मुस्तफा. पुढचा अर्धा तास तो एकटाच बोलेल. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. पण ते कोण लक्षात ठेवतंय? पिवळ्या टोपीतल्या मुस्तफाच्याच नावानं तो आपल्याकडं चालला. रुपयाचं नाणं, गल्लीतलं पार्लर आणि क्लासला दांडी. (ही मजा बहुतेक पोरांचीच. आमच्या आत्याला पार्लरच्या पायरीवरही उभं राहू दिलं नव्हतं, तेवढं नोंदवून ठेवते.)

त्या पेट्या गेल्या कुठं? बऱ्याचशा भंगारात. एक मात्र माझ्या मैत्रिणीच्या मामांच्या अडगळीच्या खोलीत सापडली. लाइट लागते, आवाज येतो, पडदा काळा. करूया की दुरुस्त, असं म्हणून आम्ही कामाला लागलो आणि तीन आठवडे गाव पालथं घातलं. मोबाइलवाला हसला. कॉम्प्युटरवाल्यानं शहाणा सल्ला दिला, "आतलं सगळं काढून टाका, एलईडी बसवा, छोटा कॉम्प्युटर टाका आणि हजार गेम खेळा." खेळायलाच हवं असेल तर हे वाईट नाही. पण ती दुरुस्ती नव्हे. वाड्याचा दरवाजा ठेवून मागं फ्लॅट बांधल्यासारखं झालं ते.

आमची चूक एवढीच, की आम्ही 'व्हिडिओ गेम दुरुस्त करणारा' शोधत होतो. ती पेटी उघडली की आत असतं काय? पिक्चर ट्यूबचा मॉनिटर, पॉवर सप्लाय, गेमचा बोर्ड, हँडल आणि बटणं. म्हणजे निम्मं यंत्र जुना टीव्हीच. बोर्ड आणि पेटी यांची जोडणीही बहुतेक ठिकाणी एकसारखी. 'जॅमा' नावाची ५६ पिनांची पद्धत १९८५ पासून रूढ झाली, म्हणून एक बोर्ड उपसून त्याच पेटीत दुसरा लावता यायचा. पाच व्होल्टचा सप्लाय थोडा घसरला की गेम मधेच रिसेट होतो. बटण दाबलं जात नसेल तर खालचा मायक्रोस्विच गेलेला असतो. बोर्डाचं दुखणं मात्र वेगळं. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असते. ती संपली की आवाजाच्या प्रोग्रामची किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड मुका होऊन बसतो. नकली बोर्डही खूप चालायचे, त्यामुळं आपल्यासमोर कुठला आहे हे आधी बघावं लागतं.

शेवटी गंगावेशीजवळच्या एका गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान सापडलं. साठीतले काका. मागचं झाकण काढलं, बॅटरी मारली, पाच मिनिटांत म्हणाले, "ट्यूब शाबूत हाय. ईएचटी गेलंय." पडद्याला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवणारा तो भाग. स्विच बंद केल्यावरही ट्यूबमध्ये करंट साठून राहतो. तेव्हा व्हिडिओ बघून घरी झाकण उघडायचा नाद अजिबात करू नका. काका आधी वायर लावून तो करंट उतरवतात, एक हात पाठीमागं ठेवून. असं का, हे त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या हातानं चुकून कुठं धरलं तर करंट छातीतून जातो, हे नंतर कळलं.

खरी अडचण पुढं आहे. काकांच्या हाताखाली गेल्या पंधरा वर्षांत एकही पोरगं आलेलं नाही. पुढच्या वर्षी ते गाळा सोडणार. 'राइट टू रिपेअर'चं सरकारी पोर्टल २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळून दुरुस्त करणारे हातच नसतील तर?

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांनी मुंबईहून आणलेल्या जुन्या प्रोजेक्टरचं यंत्र समजून घेत स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं तो पुरा केला. त्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० मध्ये. त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आपल्या गावात आहे, आपण रोज त्याच्यासमोरून गाडी दामटतो. उद्यमनगरात आजही न मिळणारा पार्ट लेथवर करून मिळतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमच्या लॅबमध्ये एखादी मेलेली पेटी आणून असल्या काकांना चार शनिवार बोलवायला काय हरकत आहे? मानधन द्या, चहावर भागवू नका.

आमची पेटी अजून काळीच आहे. जुळणारं ईएचटी बाजारात नाही, ते जुन्या सेटमधनंच काढावं लागणार. तुमच्या माळ्यावर २१ इंची डब्बा टीव्ही पडला असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी आमच्या पानाला कळवा. काकांनी गुरुवार मोकळा ठेवलाय आणि टॉर्च धरायला त्यांना एक माणूस हवाय.