रस्त्याखालची माती पण बांधासारखीच वागते



आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय. पण विषय माती-पाण्याचाच आहे, म्हणून वाचा.

शीळफाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणचा रस्ता आणि महापेचा रस्ता एकत्र येतात. बंदराचे कंटेनर, डोंबिवलीचे नोकरदार आणि आपले भाजीचे टेम्पो सगळे तिथूनच जातात. त्यात आता मेट्रो 12 चं काम. एक लेन बंद पडली की वाशी मार्केटला पोचेपर्यंत मेथी-कोथिंबीर माना टाकते, आणि उशिरा आलेल्या मालाला कोण विचारतो? 2018 मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीला मे महिन्यात बंद केला तो सप्टेंबरात उघडला. ते चार महिने या पट्ट्यातला माणूस विसरलेला नाही. म्हणून रस्ता चालू ठेवून खालची जमीन पक्की करता येते का, हा प्रश्न एकट्या इंजिनिअरचा नाही, आपलाही आहे.

करता येते. पण आधी रस्ता खचतो कसा ते बघा.

खाजणाच्या बांधाला खांड कशी पडते? खेकड्याचं एक बीळ असतं. त्यातून पाणी झिरपतं, जाताना बारीक माती घेऊन जातं, बीळ मोठं होतं आणि एका उधाणाला बांध फुटतो. वरून बघणाऱ्याला आदल्या दिवसापर्यंत बांध ठणठणीत दिसतो. काँक्रीटच्या रस्त्याखाली हेच चालतं. खेकड्याच्या जागी गळकी जलवाहिनी असते, नाहीतर बुजलेली मोरी. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेनं बारवीचं पाणी नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत. त्या फुटल्या की बातमी होते. बारीक गळती मात्र महिनोन् महिने कोणाला दिसत नाही, आणि माती तीच नेते. वरचा स्लॅब पोकळीवर अधांतरी राहतो. मग डांबर टाका नाहीतर पेव्हर ब्लॉक लावा, पुढच्या श्रावणात तिथंच पुन्हा खड्डा.

ओळखायची एक सोपी खूण आहे. कंटेनरचं चाक सांध्यावरून गेलं की फटीतून गढूळ पाणी उडतं. पाणी स्वच्छ असेल तर पावसाचं म्हणून सोडून द्या. गढूळ असेल तर खालची माती बाहेर येतेय.

आता उपाय. रस्ता न उकरता स्लॅबला बोटाएवढी भोकं पाडतात आणि त्यातून दोन घटकांचं रसायन आत सोडतात. आपल्या फ्रिजच्या भिंतीत असतो त्याच जातीचा, पण जास्त घट्ट फेस. तो आत फुगतो, पोकळी भरतो आणि बसलेला स्लॅब हळूहळू उचलतो. वर लेझर लावून मिलिमीटर मोजत राहतात, कारण जास्त भरलं तर स्लॅब उचलून तडकतो. फेस काही मिनिटांत घट्ट होतो. रात्री एक लेन अडवली तर सकाळच्या भाजीच्या गाड्यांना रस्ता मोकळा. सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरणं स्वस्त पडतं, पण ते आवळायला वेळ घेतं आणि वाट मिळेल तिकडं पळतं, कधी गटारात तर कधी कोणाच्या विहिरीकडं. विहीर जवळ असेल तर हे आधी विचारून घ्या.

माझं मत असं, की हे तंत्र इथं वापरावं, पण सगळीकडं नाही. पारसिकच्या अंगाला मुरूम आणि काळा दगड आहे. तिथं पोकळी झाली असेल तर ती भरून काम भागतं. देसाई खाडीकडच्या सखल पट्ट्यात चिकण माती आहे. तिच्यात काहीही दाबलं तरी ते मातीच्या कणाकणात शिरत नाही, फक्त फटी पाडून बसतं. अशी जमीन वजनानं वर्षानुवर्षं दबत राहते. तिला पाण्याचा निचरा किंवा खडीचे खांब लागतात, आणि ते काम चार रात्रींत होत नाही. ‘चुना मारा’ असंही कोणी सुचवेल. चुन्यातलं कॅल्शियम चिकण माती भुसभुशीत करतं, हे चोपण जमिनीत जिप्सम टाकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण खाऱ्या मातीत सल्फेट असेल तर चुना घातलेली माती उलट फुगते. माती तपासल्याशिवाय ठेका देऊ नये, एवढंच. आपण खताच्या एका गोणीसाठी नमुना पाठवतो.

घाईचं उदाहरण जपानचं आहे. 2016 च्या नोव्हेंबरात फुकुओका शहरात भुयारी रेल्वेच्या कामामुळं भर चौकात रस्ता कोसळला. त्यांनी आठवड्यात खड्डा भरून वाहतूक सुरू केली, जगभर कौतुक झालं. त्याच महिन्यात तो भाग परत काही सेंटिमीटर बसला. पण तो कळला, कारण लोक मोजत होते.

मोजायचं आपल्याकडंही जमतं. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शीळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातला घणसोली-शीळफाटा हा जवळपास 5 किलोमीटरचा तुकडा सुरुंग लावून खोदला आणि सप्टेंबर 2025 मध्ये आरपार झाला. खोदताना जमीन किती बसते, पाण्याचा दाब किती, हे मोजायला उपकरणं बसवली होती. मग त्याच शीळफाट्यावर रोज हजारो ट्रेलर अंगावर घेणाऱ्या रस्त्याखाली काय चाललंय, ते वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, रडारची गाडी फिरवून बघायला काय हरकत आहे?

आणि फेस भरण्याआधी पाणी थांबवा. गळती तशीच ठेवून पोकळी भरली तर पाणी शेजारून नवी वाट काढतं. बांधाचं बीळ आपण आतल्या अंगानं बुजवतो ते याचसाठी. रस्ता रुंद झाला, भराव उंच झाला आणि जुन्या मोऱ्या कुठं अर्ध्या तर कुठं पूर्ण गाडल्या गेल्या. त्या पाण्यानं आमच्याकडं भाताची आवणं कुजतात, आणि तेच पाणी भरावाच्या पायथ्याशी मुरतं. शेत आणि रस्ता एकाच दुखण्यानं आजारी आहेत, पण पंचनामा दोन वेगळी खाती करतात. जुना नाला कुठून वाहायचा हे पडले, देसाई, खिडकाळीच्या म्हाताऱ्यांना विचारा, ते नकाशाशिवाय बोट ठेवून दाखवतील.

तुमच्या शेताजवळ बुजलेली मोरी असेल, किंवा सांध्यातून गढूळ पाणी उडताना दिसलं, तर फोटो, जागा आणि तारीख पाठवा. गावाचं नाव आणि जवळचा विजेच्या खांबाचा नंबर लिहिलात तर जागा सापडायला सोपं जाईल. मे महिन्याच्या आत यादी करून रस्तेवाल्यांना आणि तहसीलला एकाच दिवशी द्यायची आहे.