कात्रीचे पाणी आणि कारागिराचा दम

आम्ही कापडाचे व्यापारी. आमचा धंदा शिंप्याच्या कात्रीवर चालतो. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. तिथले कारागीर गाड्यांच्या भंगारातील पोलादापासून ती घडवतात. हुन्नर कमी नाही. पण कोरड्या चाकावर पाते तापून निळे पडले की पोलादाचे पाणी उतरते, धार टिकत नाही. शिवाय उडणारी धूळ कारागिराच्या छातीत जाते.

यावर संशोधन झालेले आहे. १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी क्युबिक बोरॉन नायट्राइड तयार केले. त्याच्या चाकावर पोलाद कमी तापते, चाकही पुष्कळ टिकते. मात्र ते महाग असते. साध्या चाकावर पाणी सोडले तरी आच आणि धूळ दोन्ही कमी होतात.

एकट्याला महाग यंत्र परवडत नाही, हे खरे. पण लघुउद्योग समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्रासाठी सरकारी मदत मिळते. कारागीर बांधवांनी एकत्र येऊन ती घ्यावी.

दोष आम्हा व्यापाऱ्यांचाही आहे. दोन रुपयांसाठी आम्ही घासाघीस करतो. कारागिराचा दम गेला तर उद्या धार कोण लावणार? भाव थोडा जास्त द्यावा आणि ओल्या चाकावरचीच कात्री मागावी.