व्हेंटिलेटरला झेंडूची माळ

दसऱ्याला रुग्णालयातल्या यंत्रांनाही हळदकुंकू वाहतात. व्हेंटिलेटरला झेंडूची माळ, कोपऱ्यातल्या संगणकालाही. त्याच संगणकाच्या पडद्यावर पासवर्डची चिठ्ठी डकवलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्याने खुशाल वाचावी! यंत्राला देव करताना आपण हयगय करत नाही. हयगय होते ती निगा राखताना.

23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्समधले पाच सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. नोंदणी, तपासणीचे अहवाल, बिले, सारे पुन्हा कागदावर आले आणि दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे रांगेत ताटकळली. सरकारने संसदेत कारण सांगितले: संगणकजाळ्याची नीट विभागणी नव्हती. म्हणजे एका खोलीत शिरले की सारा वाडा मोकळा. निलंबित झाले दोन सिस्टीम ॲनालिस्ट. त्यांच्या वर जाऊन जाब विचारायची आपल्याला सवय नाही.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-विषाणूने ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा खिळखिळी केली, एमआरआय यंत्रेसुद्धा अडकली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. बसवायची राहिली.

का राहते? देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरता येते, अपडेटवर कोरता येत नाही. विश्वस्तांना नवी इमारत हवी; संगणक सांभाळणारा पोरगा मात्र ठेकेदाराच्या पगारावर. तो म्हणाला, ‘तासभर यंत्रणा बंद ठेवावी लागेल,’ तर मोठे डॉक्टर त्यालाच झापणार. आणि आपण रुग्ण? कार्डिॲक विभाग वातानुकूलित आहे ना, एवढे पाहून भारावतो.

पण खंडणीखोराचे खरे भांडवल वेगळेच आहे. बाईच्या एचआयव्हीचा अहवाल, मुलीच्या गर्भपाताची नोंद, तरुणाच्या मानसोपचाराचे कागद यांना बाजारात भाव का येतो? ते उघड झाले तर सासर घराबाहेर काढील, स्थळ मोडेल, नोकरी जाईल म्हणून. ही शिक्षा देणारे परदेशी हॅकर नव्हेत. ते आपल्याच बैठकीत चहा पीत असतात, पत्रिका जुळवतात, आणि ‘लोक काय म्हणतील’ असे विचारतात. सर्व्हरला कितीही कुलपे घाला, या बैठकीत जोवर आजाराला कलंक म्हणतात तोवर चोरलेल्या कागदाला गिऱ्हाईक आपणच पुरवत राहणार.