शायलॉकवाचूनचा पाचवा अंक

शेक्सपिअरचे 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' आज रंगभूमीवर आणावे की नाही, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो पोकळ नाही. १९४३ साली व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये वेर्नर क्राउस या नटाने शायलॉक मुद्दाम किळसवाणा रंगविला. त्या शहरात उरलेले बहुतेक ज्यू त्याआधीच छावण्यांकडे नेले गेले होते. तरीही माझे मत असे की, हे नाटक करावे आणि काटछाट न करता करावे.

सहानुभूतीने बसविलेल्या प्रयोगांचा भर बहुधा तिसऱ्या अंकातील भाषणावर असतो. ज्यू माणसालाही इतरांसारखेच शरीर व वेदना असतात, असे शायलॉक तेथे म्हणतो. आपण ते भाषण संहितेत शेवटपर्यंत वाचा. ते समतेपाशी थांबत नाही. सूड घेणेही आपण ख्रिस्ती लोकांकडूनच शिकलो, येथवर ते जाते. एवढा भाग वगळला की शायलॉक सोयीचा, निरुपद्रवी बळी होतो.

खरी कसोटी चौथ्या अंकात आहे. दयेची मागणी होताच शायलॉक न्यायसभेला त्यांनी विकत घेतलेल्या गुलामांची आठवण करून देतो. त्यावर कोणी उत्तर देत नाही. पुढे पोर्शिया एक कायदा काढते: नागरिकाच्या जिवावर उठणाऱ्या परक्याची मालमत्ता जप्त. म्हणजे व्हेनिसमध्येच राहणारा, तेथेच व्यवहार करणारा हा माणूस परका! शेवटी अँटोनिओ त्याच्यावर धर्मांतराची अट घालतो, आणि त्यालाच दया म्हटले जाते. इंग्लंडने ज्यूंना १२९० मध्येच हाकलून दिले होते. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी उघडपणे ज्यू म्हणून राहणारा माणूस पाहिलाही नसेल. त्यांना ही अट कदाचित सुखान्त वाटली असेल. आपल्याला ती तशी वाटू नये, हे दिग्दर्शकाचे काम.

व्हेनिसच्या घेट्टोची स्थापना १५१६ मधली. तिला ५०० वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, घेट्टोतच हे नाटक झाले व शायलॉकची भूमिका पाच कलावंतांनी वाटून घेतली. ही योजना मला पटते. एकाच चेहऱ्यावर सगळा द्वेष वा सगळी करुणा लादण्याची सोय तीत राहत नाही.

एकोणिसाव्या शतकात काही प्रयोग चौथ्या अंकावरच संपत. शायलॉकचे दुःख त्यामुळे उठून दिसे, हे खरे. पण प्रेक्षकही स्वस्तात सुटत. पाचव्या अंकात बेलमाँटच्या चांदण्यात अंगठ्यांवरून थट्टा चालते. शायलॉक तेथे उरतो तो केवळ एका दस्तऐवजापुरता: त्याच्या मृत्यूनंतर सारी मालमत्ता जेसिका व लोरेंझो यांना देणारा तो कागद. तो लोरेंझोच्या हाती पडतो तेव्हा जेसिका एक शब्दही बोलत नाही. संहितेतील ही जागा काढून पाहा, आणि त्या क्षणी तिने कोठे पाहावे हे स्वतः ठरवा.