हे आधी कुणी सांगायचं होतं?



माझं माहेर नायगाव. एम.फार्म. झाल्यावर नांदेडला एका कॉलेजात शिकवायला लागले, तेही तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. बाळंतपणाच्या रजेचं नावच नको. विषय होता फार्माकोकायनेटिक्स. औषध रक्तात कसं जातं, अंगभर कसं पसरतं, यकृत ते कसं मोडतं आणि किती वेळात बाहेर पडतं, याचं हे गणित. पुस्तकातल्या उदाहरणांत माणूस बहुधा ७० किलोचा पुरुष असायचा.

पहिल्याच वर्षी दिवाळीला गावी गेले. शेजारची एकजण भेटायला आली. टी.बी.चा कोर्स चालू, पाळणा लांबावा म्हणून रोज माला-एन, तरी दिवस गेलेले. घरात एकच बोलणं, ‘गोळी चुकवली असशील.’ ती रडून सांगत होती, ‘ताई, एक बी दिस चुकवली न्हाई वो.’

माझा तिच्यावर विश्वास बसला. टी.बी.च्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताचं काम वाढवतं. मग गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं यकृत भराभर मोडून टाकतं आणि गोळी घेऊनही भरवसा राहत नाही. पुस्तकात हे कित्येक वर्षांपासून आहे. पण तिला टी.बी.ची औषधं एकीनं दिली, माला-एन दुसरीनं. दोन्ही एकत्र कुणी पाहिलीच नाहीत.

मी घरी जाऊन समजावलं. सासू गप्प बसली, मग म्हणाली, ‘मंग ह्ये आधी कुनी सांगायचं व्हतं?’

हे सांगणं क्लिनिकल फार्मसीचं काम आहे. त्यासाठीचा फार्म.डी. अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ साली सुरू झाला.

बाईच्या शरीराचा हिशेब सगळीकडेच उशिरा झाला. अमेरिकेत १९७७ साली मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं. ते धोरण १९९३ साली बदललं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी तिथे १९९२ साली मंजूर झाली. बायकांच्या रक्तात ती सकाळीही जास्त उरते, म्हणून त्यांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅम करायला २०१३ साल उजाडलं. आपल्याकडे १९८० च्या दशकात नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना पुरती माहिती न देता घेतलं गेलं, तेव्हा स्त्रीसंघटनांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं.

हे प्रश्न विचारायला या विषयात बाया टिकल्या पाहिजेत. माझ्याबरोबरच्या दोघी लग्नानंतर सुटल्या. तासिकेच्या पैशात संशोधन आणि संसार दोन्ही भागत नव्हतं. पूर्णवेळ जागा भरा, ही मागणी म्हणून आपलीही आहे.

तोवर गटाच्या बैठकीत एवढं सांगा. रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि थांबल्यावरही ४ आठवडे नुसत्या गोळीवर विसंबू नका. तांबी किंवा निरोधबद्दल विचारा. टी.बी.चं औषध मात्र मनानं बंद करू नका. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.