आशाताईला दारातून परत पाठवू नका

पालकहो, आशाताई लसीकरणाचं सांगायला आली, की ‘नको गं बाई, बाळाला ताप येतो’ म्हणत आपण तिला वाटेला लावतो. तो ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर मात्र बुबुळावर फूल पाडून दृष्टीही नेऊ शकतो. म्हणूनच ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसोबत ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. पुढे ५ वर्षांपर्यंत असे एकूण ९ डोस. टोचणं झालं की हे पाजायचे डोस विसरले जातात. आठवण करून देते ती दारात आलेली ताईच.

शिक्षकमित्रांनो, मूल पहिलीत येईपर्यंत या डोसांचं वय निघून गेलेलं असतं. म्हणून पालकसभेत धाकट्या भावंडाचं लसीकरण कार्ड जरूर विचारा. आणि ताई आली, तर तिला आत बोलवा.