त्याला आपण दिसतो!



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक प्रसंग घडला. सातवी-आठवीची मुले गणिते सोडवीत बसली होती. एका मुलीच्या वहीवर तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा कोळी टुणकन् उडी मारून आला. मुलगी दचकली. मी सवयीप्रमाणे हातातली पट्टी मारली. कोळी संपला. ‘चला, गणिते करा,’ म्हणून मी मोकळा झालो. पण मुलगी गणिताकडे वळेना. ती म्हणाली, ‘काका, तो वळून माझ्याकडे बघत होता. त्याला मी दिसत होते का?’

मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. जमाखर्चाचे विचारले असते तर तोंडपाठ सांगितले असते. कोळ्याच्या डोळ्यांचे मला काय ठाऊक? ‘उद्या सांगतो,’ म्हणालो. घरी येऊन वाचायला बसलो आणि रात्री जेवण गोड लागले नाही. कारण उत्तर होते – होय, तिला पाहूनच तो वळला होता.

हा उडी मारणारा कोळी. जगात याच्या सहा हजारांहून अधिक प्रजाती आहेत. कोळ्यांमधले हे सर्वांत मोठे कुटुंब. हा भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाही. तेव्हा घरातल्या जळमटांचा दोष याच्या माथी मारू नये. रात्री निजायला किंवा अंडी घालायला तेवढी रेशमाची छोटी पिशवी करतो. दिवसा भिंतीवर, खिडकीत, कुंडीवर फिरून माश्या, डास असे किडे टिपतो. आपल्याला तो काही करीत नाही.

याला आठ डोळे असतात. समोरचे मधले दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. बाकीचे सहा बाजूला आणि मागे. या सहांचे काम पहारेकऱ्याचे. कुठे काही हलले की ते खबर देतात. मग कोळी गर्रकन वळतो आणि मोठे दोन डोळे रोखून ‘हे काय आहे?’ ते नीट पाहतो. मुलीने पाहिले ते हेच.

हे दोन डोळे आतून दुर्बिणीच्या नळीसारखे लांब असतात. पुढचे भिंग हलत नाही. आतला दृष्टीचा पडदा मात्र हलतो. म्हणजे कोळी जागच्या जागी बसून नजर फिरवू शकतो. या पडद्याला चार थर असतात. 2012 साली जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले की, एका थरावर चित्र स्पष्ट आणि दुसऱ्यावर धूसर पडते, त्या फरकावरून कोळी अंतराचा अंदाज घेतो. या कामाला त्याला हिरवा प्रकाश लागतो. केवळ लाल उजेडात ठेवल्यावर त्याचा हिशेब चुकला आणि उडी अलीकडेच पडली. गणिताच्या वहीवर मी मारले ते असे हिशेब करणारे जीव होते.

उडीही पाहण्यासारखी. टोळासारख्या जाडजूड मांड्या याला नाहीत. शरीरातील द्रवाचा दाब पायांत वाढवून तो पाय ताठ करतो आणि स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट झेप घेतो. झेपेपूर्वी रेशमाचा एक धागा मागे चिकटवतो. नेम चुकला तर त्याला लोंबकळतो आणि धाग्यावरून वर येतो. उंच इमारतीवर रंग देणारे आपले बांधव कमरेला दोर बांधतात, तशीच ही काळजी.

हे सारे मी वाचून सांगितले, पण मुलांना डोळ्यांनी पाहायचे होते. महागडा कॅमेरा आमच्याकडे कुठला? मोबाईलवर चिमट्याने बसणारे एक साधे भिंग आणले आणि शनिवारी सकाळी कामाला लागलो. पहिले पन्नास फोटो वाया गेले. पुढे ज्या चार गोष्टी शिकलो त्या सांगतो.

सकाळचा खिडकीचा उजेड उत्तम. बॅटरी लावायची तर तिच्यापुढे बटर पेपर धरावा, म्हणजे डोळ्यांवर चकाकी येत नाही. कोपर भिंतीला टेकवून, श्वास रोखून फोटो काढावा. इतक्या जवळून फार थोडा भाग स्पष्ट येतो. डोळे साधले की पाय धूसर होतात. म्हणून समोरचे दोन डोळे स्पष्ट आले की समाधान मानावे. फोटो वरून काढू नये. कोळ्याच्या पातळीला खाली जावे, तरच त्याचा चेहरा दिसतो. हळू जावे. घाई केली तर तो पळतो. धीर धरला तर तोच वळून आपल्याला पाहतो. कधी भिंगातले स्वतःचे प्रतिबिंब दुसरा कोळी समजून पुढचे पाय उंचावतो. फोटोसाठी त्याला बाटलीत कोंडू नये, अंड्यांची पिशवी उसवू नये.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातील अशाच एका नव्या कोळ्याची नोंद झाली. संशोधकांनी त्याचे नाव ‘आयसियस तुकारामी’ ठेवले. 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर हाती फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे पोलिस सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, यांच्या स्मरणार्थ. त्यात ते शहीद झाले आणि 2009 साली त्यांना अशोकचक्र जाहीर झाले. शास्त्राच्या पुस्तकांत राजे आणि साहेब यांची नावे पुष्कळ आहेत. तिथे आज एका साध्या पोलिसाचे नावही आहे. ऐकून मुले एकदम गप्प झाली. मग एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे नवा कोळी आपल्याकडेही सापडू शकतो?’ मी म्हणालो, ‘का नाही? पण त्यासाठी तो जिवंत राहिला पाहिजे आणि आपण नीट पाहिले पाहिजे.’

आता अभ्यासिकेच्या भिंतीवर मुलांनी काढलेले अकरा फोटो लावले आहेत. सर्वांत चांगला फोटो त्याच मुलीचा आहे. आमच्या सौ. पूर्वी कोळी दिसला की फवारा मारीत. आता खिडकीतल्या कोळ्याला तेवढे सोडून बाकीची जळमटे काढतात.

बंधू-भगिनींनो, न पाहता, न विचारता ‘हा वाईटच’ असे ठरवणे फार सोपे असते. मी तेच केले होते आणि एका तेरा वर्षांच्या मुलीने मला थांबवले. या रविवारी झाडलोट करताना भिंतीवर असा पाहुणा दिसला तर केरसुणी क्षणभर बाजूला ठेवा. मुलांना हाक मारा. खाली वाका आणि पाहा. तो तुमच्याकडे पाहत असेलच.